चाकू म्हटलं की क्राईमचंच पान काऊन?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर घरी रोज येते, पण चाकू हा शब्द त्यात मला फक्त क्राईमच्या पानावरच दिसते. आमच्यासारख्यांच्या खिशात तो रोज असते आणि त्यानं वायर सोलल्या जाते, सुतळी कापल्या जाते, दुपारी संत्रं कापल्या जाते, बस. त्याबद्दल पण दोन ओळी छापा ना कधी.

मी वायरिंग आणि कूलर रिपेरिंगचं काम करतो. मार्च लागला की नागपुरात आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, जुनं गवत काढा, नवा वाळा भरा, जाळी बांधा, आणि या सगळ्याला हातात घडीचा चाकू लागतेच. दोन उन्हाळ्यांआधी एका दुकानातून दीडशे रुपयांचा काळा चमकदार चाकू घेतला, त्यात टॉर्च, काच फोडायचं टोक, सीटबेल्ट कापायची फट, सगळं होतं, फक्त पातं मिटू न देणारं लॉक धड नव्हतं म्हणा ना. तिसऱ्या दिवशी कूलरची सुतळी कापता कापता पाठीकडून जोर पडला आणि पातं बोटावर मिटलं, चार टाके पडले. उन्हाळ्याचे आठ दिवस घरी बसणं म्हणजे काय हे धंदेवाल्यालाच माहीत.

नंतर उघडून पाहिलं तर मुठीतली ती पातळ पत्री, ज्याला लायनर लॉक म्हणतात, ती पात्याच्या बुडाला नुसती कडेला चिकटत होती, पूर्ण मागे येऊन बसतच नव्हती. म्हणून आता दुकानदार कितीही घाई करो, मी चाकू उघडून आधी पत्री कुठवर येते ते पाहतो, मग बोटं पात्याच्या वाटेतून काढून पाठीकडून लाकडावर हळू ठोकतो (धार खाली नाही, पाठ खाली, हे सांगावं लागते कारण आमच्या पोरानं उलटं केलं होतं). मग पातं डावी-उजवीकडे हलवून पाहतो. हललं तर बिजागरीला स्क्रू आहे की रिव्हेट हे पाहा, स्क्रू असला तर वर्षभरानं ढिला झाला तरी कसता येते, रिव्हेट ढिला झाला की ठोकपीट करत बसा.

स्विस चाकूचं नाव मोठं आहे आणि उगाच नाही, व्हिक्टोरिनॉक्सवाले १८९१ पासून त्यांच्या सैन्याला चाकू देऊन राहिले, पण त्यांच्या ९१ मिलिमीटरवाल्या नेहमीच्या मॉडेलला पात्याचं लॉकच नाही, नुसती स्प्रिंग आहे, त्यामुळे टेप-संत्र्याला मस्त आणि जोराच्या कामाला नाही. फ्रान्सचा ओपिनेल एका गिऱ्हाइकानं मला दिला होता, लाकडी मुठीचा, फिरवायच्या रिंगचं लॉक त्याला १९५५ पासून आहे, साधं आणि पक्कं. पण कूलरच्या पाण्यात मूठ फुगते आणि पातं उघडता उघडत नाही. वरून तो कार्बन स्टीलचा, संत्रं कापून तसाच ठेवला की काळा पडते, ओला ठेवला की गंजते. धार मात्र काय लागते त्याला! पाण्यातलं काम असणाऱ्यानं स्टेनलेसच घ्यावा.

धारेचं म्हणाल तर ग्राइंडरवर कधी लावू नका. पातं निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं समजा, मग ती धार दोन दिवस पण टिकत नाही. साध्या दगडावर पाणी टाकून दहा मिनिटं घासा, बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, झालं.

आता कायद्याचं, कारण बायको रोज विचारते की पोलिसानं धरलं तर. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट आहे आणि त्यातूनही घरगुती, शेतीची, कारखान्याची हत्यारं वगळली आहेत. आपलं पातं तीन इंचांचं. पण सणावाराला, निवडणुकीत पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश काढतात तेव्हा चाकू खिशात नाही, टूलबॅगेत पक्कड-टेस्टरच्या सोबत ठेवा आणि कामाशिवाय फिरवू नका. असे आदेश निघाले की तुमच्या पेपरात ते जरा मोठ्या टाइपात छापत जा, कोपऱ्यातली ती बारीक चौकट आमच्या वयाच्या माणसाला वाचता येत नाही.

आपला,
एक वायरमन, नंदनवन, नागपूर

ता.क. विमानात हँडबॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागते. भाचा विसरला आणि विमानतळावर चेकिंगला ठेवून आला. तो ओपिनेल होता, माझा.