चिकूच्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कुत्र्याची, चिकूची, नजर परत येणार नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, त्याबद्दल आधी आभार. त्याआधी कुणी गोळ्या दिल्या, कुणी डोळ्यांत घालायचे थेंब, आणि आम्ही उगाच आशेवर राहिलो.

तुम्ही खोलीतला दिवा मंद करून चिकूसमोर कापसाचा बोळा सोडलात. कापूस पडताना आवाज होत नाही, त्यामुळे त्याने मानही वळवली नाही. दिवा लावल्यावर मात्र त्याच बोळ्याकडे पाहिलं. संध्याकाळी गोदाघाटाच्या पायऱ्यांवर तो का अडून बसायचा, हे आम्हाला तेव्हा उमगलं. चिकूला झालेल्या पीआरए या नजर हळूहळू घालवणाऱ्या आनुवंशिक आजारात दृष्टिपटलावरच्या अंधारात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात, उजेडातल्या मागून. आईने दोनदा विचारलं, "दुखत नाही ना हो त्याला?" दोन्ही वेळा तुम्ही तितक्याच शांतपणे "नाही" म्हणालात. त्या रात्री आई नीट जेवली.

घरातलं सामान हलवू नका, जिन्याशी खरखरीत पायपुसणं टाका, "पायरी" हा शब्द शिकवा, हे सगळं तुम्हीच सांगितलंत. आता चिकू जिना एकटा उतरतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका फोनचे. डीएनए तपासणीत या आजाराचं मूळ असलेला पीआरसीडी जनुकातला दोष आई-बाप दोघांकडून आल्याचं निघालं. दोघंही धडधाकट, पण प्रत्येकात एक सदोष प्रत. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हा दोष २००६ सालीच शोधला गेलाय, तरी कॉकर स्पॅनियल किंवा लॅब्रॅडॉर घेताना आमच्यासकट कोण रिपोर्ट मागतं? तुम्ही ब्रीडरला स्वतः फोन केलात. रागावला नाहीत, समजावलंत. वाहक, म्हणजे एक सदोष प्रत असलेल्या, कुत्रीला निर्दोष नराशी जोडलं तर या दोषामुळे एकही पिल्लू आंधळं होत नाही, हे त्यांना पटलं. ती जोडी त्यांनी थांबवली आणि चिकूच्या भावंडांच्या घरीही कळवलं. तुमच्या कामाच्या वेळेत हे बसत नव्हतं, त्याची फीही तुम्ही घेतली नाहीत.

पुढे मोतीबिंदू होऊन डोळ्याला सूज येऊ शकते, म्हणून तपासणीला येत राहा म्हणालात. दिवाळीनंतर चिकूला घेऊन येतो. आईने तुमच्यासाठी चिवडा बाजूला काढून ठेवायचं ठरवलंय.

आपले कृतज्ञ,
चिकूच्या घरचे, गंगापूर रोड, नाशिक