रीस्टार्ट हा इलाज नाही, टायमर दुरुस्त करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मशीन अडकलं की बंद करून चालू करा, हे आता सगळेच सांगतात. मी एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये (म्हणजे मीटर, सिग्नल अशा उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करतो आणि मला याची खरंच काळजी वाटते, कारण काही वेळा त्यामागे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, टायमरमधला ओव्हरफ्लो असतो, म्हणजे काउंटर भरून परत शून्यावर येतो, आणि तो रीस्टार्टने जात नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की हँग व्हायचं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो, एवढंच कारण. २००४ मध्ये लॉस एंजेलिसला हवाई नियंत्रकांचा विमानांशी रेडिओ संपर्क तुटला तोही याच ४९.७ दिवसांच्या हिशोबाने, तिथली यंत्रणा दर महिन्याला रीस्टार्ट करायचा नियम होता आणि तो एकदा राहून गेला. २०१५ मध्ये बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोलमध्ये २४८ दिवसांचा असाच बग निघाला, तेव्हाही आधी आदेश आला तो ठराविक काळाने वीज बंद करून चालू करण्याचाच!

खरी दुरुस्ती तशी छोटी आहे हो. "आत्ताचा आकडा ठरलेल्या आकड्यापेक्षा मोठा आहे का" असं थेट विचारलं की काउंटर शून्यावर आल्यावर उत्तर चुकतं, त्याऐवजी दोन आकड्यांची वजाबाकी करून फक्त चिन्ह बघायचं, अधिक की उणे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्यासाठी टाइम_आफ्टर हा मॅक्रो (कोडचा तयार तुकडा) आहेच, तरी लोक सरळ तुलना लिहून मोकळे होतात. आणि लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे हा काउंटर शून्यापासून सुरूच होत नाही, बूट झाल्यावर पाच मिनिटांत ३२ बिट ओलांडेल अशा आकड्यावर तो मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे चुकीचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) आमच्या टेबलवर टेस्टमध्येच सापडतो, ४९ दिवसांनी ग्राहकाकडे नाही.

१९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी ३२ बिटमध्ये सेकंद मोजणारी घड्याळंही उलटणार आहेत. लिनक्स कर्नलने ५.६ या आवृत्तीत, २०२० सालीच, ३२ बिट मशीनचीही सोय केलीय, पण आधीच्या कर्नलवर चालणारी डिव्हाइसेस अपडेटशिवाय तशीच राहणार. म्हणून महापालिका, महावितरण, एसटी यांनी मीटर, सिग्नल, तिकीट मशीनच्या टेंडरमध्ये एक अट घालावी, काउंटर मुद्दाम शेवटाजवळ नेऊन आणि तारीख २०३८ च्या पुढे टाकून घेतलेल्या टेस्टचा रिपोर्ट द्या, त्याशिवाय बिल पास होणार नाही.

आपला,
एक वाचक, पुणे