मेस्त्री, तुमचा ओळंबा माझ्याकडेच राहिलाय

मेस्त्री, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही विषय डिझेलच्या भावावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. मुलगी वाचून दाखवील तेव्हा मध्येच उठून शेडमध्ये जाऊ नका.

जुलैत चोर्ला घाटात, केरीच्या बाजूला, आमची फोर-बाय-फोर पिकअप घसरून कठड्यावर आदळली. पुढचा उजवा कोपरा आत गेला, मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा तुटला, चॅसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा वाकला. एका मोठ्या गॅरेजात दहा मिनिटं बघून सांगितलं, भंगारात द्या. गाडी बाबांनी घेतलेली, ते एक. शिवाय आमच्या कुळागरापर्यंत, म्हणजे सुपारीच्या बागेपर्यंत, दुसरी कुठली गाडी पोचतच नाही. व्हाळ (ओढा) ओलांडला की तांबड्या मातीचा उभा चढ. सुपारीची पोती डोक्यावरून किती आणणार?

तुम्ही चेपलेल्या पत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. चॅसीच्या भोकांतून ओळंबा सोडलात, खाली सिमेंटवर खडूने खुणा केल्यात आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा 18 मिलिमीटर लांब निघाला. गवंड्याचा ओळंबा गाडीला लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मार्च 2018 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत तुम्ही तिथल्या टिपरच्या चॅसी अशाच सरळ करत होतात, हे मला वहिनींनी पेज वाढताना सांगितलं. तुम्ही कुठले सांगायला!

मग साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून थोडं थोडं ओढणं. एकदा ओढायचं, सोडायचं, पुन्हा मापायचं. मी म्हटलं, गॅस लावून तापवूया, लवकर वाकेल. तुम्ही म्हणालात, "तापवलं तर लोखंड मऊ पडतं, पुढच्या खड्ड्यात परत वाकेल." तीन रविवार गेले. शेवटी फरक 2 मिलिमीटरवर आला.

तडकलेल्या जागी पट्टी मारायची होती. ती तुम्ही चौकोनी न कापता टोकं तिरपी कापलीत, कारण चॅसीवर आडवा सरळ वेल्ड मारला की ती नेमकी त्याच रेषेत तुटते. पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड ओल धरतात म्हणून ते तुम्ही बंद पडलेल्या फ्रिजमध्ये शंभरचा बल्ब पेटवून ठेवता. एवढं करूनही एका वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. मला तर दिसलीही नसती. तुम्ही काही न बोलता ग्राइंडर उचललात आणि अख्खा वेल्ड काढून टाकलात. मेस्त्री, त्या संध्याकाळपासून मला या गाडीची भीती वाटेनाशी झाली.

आता माझ्या हट्टांबद्दल. मला गाडी चार इंच उचलायची होती, मोठे टायर लावायचे होते आणि बॉनेटच्या बाजूने वर जाणारं, इंजिनाला उंचावरून हवा देणारं स्नॉर्केलही हवं होतं. (व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं.) पहिल्या दोन्हींवर तुम्ही म्हणालात, आरसीत नाही ते अंगावर नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी नंतर वाचलं. स्नॉर्केलचं नाव काढल्यावर फक्त विचारलंत, "उदक खंय मेरेन येता?" पाणी कुठपर्यंत येतं? मी म्हटलं, गुडघ्यापर्यंत. "मग पाणी इंजिनात नाही, मागून शिरतं," म्हणत तुम्ही डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, बोल्ट सोडलात. तेल बाहेर आलं ते दुधाच्या चहासारखं! तापलेला तो डबा थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तुम्ही ब्रीदरला, म्हणजे डब्याच्या हवा घेणाऱ्या तोंडाला, मीटरभर नळी जोडून ती टेललॅम्पच्या वर बांधलीत. नळी आणि दोन क्लिपा, एवढाच खर्च. स्नॉर्केलसाठी मी बाजूला काढलेल्या पैशांत नवे पाटे, ते आवळून धरणारे यू-बोल्ट आणि मूळ मापाचेच खोल नक्षीचे टायर आले.

गेल्या आठवड्यात सुपारी भरून व्हाळातून वर आलो. चिखलात टायरची हवा 20 पीएसआयवर उतरवली, डांबरी लागल्यावर परत भरली, तुम्ही सांगितलं होतं तशी. घरी येऊन आधी डिफरन्शियलचा बोल्ट सोडला. तेल स्वच्छ होतं.

यू-बोल्ट पाचशे किलोमीटरला पुन्हा आवळायचे आहेत. काल मीटर बघितला, 480 झालेत. रविवारी येतो. ओळंबा टूलबॉक्समध्ये सापडला, तोही आणतो, आणि वहिनींसाठी केळीचा घड.

तुमचा,
टेपचं दुसरं टोक धरणारा