‘कॅशे क्लिअर करा’ म्हणून कसे चालेल?

महोदय,

सार्वजनिक सेवांचे पैसे ऑनलाइनच भरा, असा आग्रह हल्ली सगळीकडे असतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. खात्यातून पैसे जातात, पावती मिळत नाही आणि समोर पुन्हा लॉगिनचे पान येते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहून मी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत संकेतस्थळे बांधण्याची कामे घेते, त्यामुळे इमारतीतली अशी प्रकरणे आमच्याच दारी येतात. हेल्पलाइनचे उत्तर ठरलेले: ‘कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी पाने) क्लिअर करा, दुसऱ्या ब्राउझरवर बघा, सर्व्हर स्लो आहे.’ सर्व्हर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर कधी पान देतो, तर कधी नुसता एक आकडा आणि नवा पत्ता. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, ३०२ म्हणजे तात्पुरता, ३०३ म्हणजे तुमचे काम घेतले, आता पुढचे या पत्त्यावर बघा. याला रीडायरेक्ट म्हणतात. कचेरीत ‘तीन नंबरच्या खिडकीवर जा’ सांगतात तसेच. तीन नंबरवाला पुन्हा एक नंबरकडे पाठवू लागला की क्रोम अशा २० फेऱ्या मारतो आणि नाद सोडतो.

आमच्या शेजारचे काका बेस्टमधून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. एका संकेतस्थळावर त्यांनी पैसे भरले की हमखास लॉगिनच्या पानावर येऊन पडत. त्यांची नात त्याच फोनवरून, त्याच खात्यातून पैसे भरी आणि तिला पावती मिळे. काकांनी मनाशी ठरवूनच टाकले होते की आता वय झाले, आपल्यालाच जमत नाही.

दोष काकांच्या वयाचा नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८०व्या आवृत्तीबरोबर एक नियम आला. कुकी म्हणजे संकेतस्थळाने माणूस ओळखण्यासाठी ब्राउझरकडे ठेवलेली चिठ्ठी. तिच्यावर ‘सेमसाइट’ची (दुसऱ्या संकेतस्थळावरून येताना ती पाठवायची का, याची) सूचना प्रोग्रामरने लिहिलेली नसेल, तर दुसऱ्या संकेतस्थळावरून पोस्ट पद्धतीने (फॉर्म भरून पाठवतात तशी) येणाऱ्या विनंतीसोबत ती कुकी पाठवायची नाही. (करोनामुळे एप्रिलमध्ये तो थांबवला आणि जुलैपासून पुन्हा लागू केला.) पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन भरणा घेणारी मधली यंत्रणा, पैसे घेऊन ग्राहकाला बहुधा याच पोस्ट पद्धतीने परत पाठवतो. कुकी आली नाही की सर्व्हर माणसाला ओळखत नाही आणि थेट लॉगिनकडे धाडतो. मात्र क्रोमने एक सवलत ठेवली: कुकी गेल्या दोन मिनिटांच्या आत तयार झालेली असेल तर जाऊ द्यायची. नात लॉगिनपासून ओटीपीपर्यंत सगळे तेवढ्यात उरकते. काका आधी चष्मा शोधतात, मग मेसेज उघडून आकडे कागदावर उतरवतात, ते एकदा ताडून पाहतात. एवढ्यात दोन मिनिटे कधीच उलटलेली असतात. फायरफॉक्सने हा नियम सरसकट लागू केलेला नाही, म्हणून ‘दुसऱ्या ब्राउझरवर बघा’ हा सल्ला अधूनमधून लागू पडतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

उपाय थोड्या ओळींचा आहे. गेटवेकडून परतणाऱ्या पानाने लॉगिन तपासत बसू नये. गेटवेची डिजिटल सही आणि व्यवहार क्रमांक पडताळावा, नोंद करावी आणि ३०३ देऊन पावतीच्या पानाकडे पाठवावे. ती विनंती साध्या गेट पद्धतीची (नुसते पान मागणारी) असल्याने कुकी तिच्यासोबत येते. त्या मधल्या पानाने नवे सेशन (म्हणजे लॉगिनची नवी नोंद आणि तिची नवी कुकी) तेवढे उघडू नये, नाहीतर जुनी कुकी पुसली जाते. ३०३चा आणखी एक लाभ: पावतीचे पान कोणी रिफ्रेश केले तरी तोच भरणा पुन्हा पाठवला जात नाही.

इतर दोषही याच जातीचे. लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक रूपातली सुरक्षित जोडणी, उलगडून आतल्या सर्व्हरला साधे एचटीटीपी देतो. आतला सर्व्हर मूळ विनंती कशी होती ते सांगणारा हेडर (विनंतीसोबतची माहितीची ओळ) न बघताच ‘सुरक्षित पत्त्यावर जा’ म्हणत बसतो, आणि फेऱ्या सुरू. पीएचपीत नवा पत्ता सांगणारा लोकेशन हेडर लिहून खाली ‘एक्झिट’ (इथेच थांब) लिहायचे राहिले, तर पान दुसरीकडे गेले तरी खालचा कोड चालतच राहतो. ही तर सुरक्षेचीच भगदाडे. घाईने चुकीचा ३०१ दिला तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि दुरुस्तीनंतरही लोक जुन्याच जागी पोचतात. कॅशे क्लिअर करण्याचा सल्ला इथे खरोखर उपयोगी पडतो, पण गोंधळ तिथेही सर्व्हरकडूनच सुरू झालेला असतो. आणि संकेतस्थळ नवे करताना जुने सगळे दुवे सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणाऱ्यांना मी काय म्हणावे? अर्जाचा पत्ता जपून ठेवलेल्या माणसाला त्यापेक्षा ४०४ (‘पान सापडले नाही’चा आकडा) परवडला, निदान पान गेले हे तरी कळते.

यातले काहीही शोधायला महागडी साधने लागत नाहीत. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक केली की कुठून कुठे पाठवले ते एकाखाली एक दिसते. कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी संबंधितांनी एक चाचणी सक्तीची करावी: लॉगिन करा, गेटवेच्या पानावर पाच मिनिटे स्वस्थ बसा, मग ओटीपी टाका आणि पावती येते का पाहा.

हेल्पलाइनवर बसणाऱ्या मुलामुलींवर माझा राग नाही, हातातल्या कागदावर असते ते ती वाचतात. त्या कागदावर ‘कॅशे क्लिअर करा’च्या आधी दोन प्रश्न घालावेत: अडकलात तेव्हा वरच्या पट्टीत कोणता पत्ता दिसत होता, आणि किती वाजले होते? एवढ्यावरून सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ती नेमकी विनंती सापडते.

– एक वेब प्रोग्रामर, विक्रोळी (पूर्व), मुंबई