टॉवेल आपला, खलाशी आपला; पहारा कोणत्या नियमाने?

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत माझे बारा यंत्रमाग आहेत. टेरी टॉवेल विणतो. थेट परदेशी माल पाठवण्याची माझी ऐपत नाही. शहरातल्याच एका निर्यातदाराला देतो, तो न्हावाशेवा बंदरातून कंटेनर पाठवतो. २०२४ च्या जानेवारीत त्याचा निरोप आला : पुढच्या लॉटचा दर कमी धरा आणि मागचं बिल जरा उशिरा निघेल. का म्हणून विचारलं, तर म्हणे तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं पडताहेत. मला आधी वाटलं, हा नवा बहाणा. पैसे लांबवायला आमच्या धंद्यात कारणांचा दुष्काळ कधी पडत नाही.

पण ते खरं होतं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हौथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे मालवाहू जहाज पळवलं, पाठोपाठ ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सुरू झाली. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्यात दहा-चौदा दिवस जास्त, इंधन जास्त, शिवाय कंटेनर अडकून राहिल्याने तुटवडा. आमच्याकडे बरेच सौदे एफओबी असतात, म्हणजे माल बोटीवर चढला की पुढचं भाडं आणि विमा घेणाऱ्याच्या माथी. कागदावर हे फार सुखाचं आहे. प्रत्यक्षात भाडं वाढलं की युरोपातली पार्टी तेवढा दर निर्यातदाराकडून पाडून घेते आणि निर्यातदार माझ्याकडून. मी कामगारांच्या मजुरीला हात लावला नाही, पण रात्रपाळी दोन महिने बंद ठेवली. आता ज्याची पाळी गेली त्याला हा फरक समजावून सांगा!

पत्र लिहिण्याचं कारण मात्र भाडं नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून जुनी-पुराणी पुस्तकं चाळण्याचा मला नाद आहे. त्यात एक हकिकत सापडली, ती आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते. १७०७ साली इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध चालू होतं. ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालकडे निघालेल्या इंग्रजी व्यापारी ताफ्यावर फ्रेंचांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच झडप घातली. सोबतीला दिलेल्या पाच युद्धनौकांपैकी चार वाचल्या नाहीत. चौदा वर्षांपूर्वी, १६९३ मध्ये, तुर्कस्तानच्या स्मर्ना बंदराकडे निघालेल्या चारशेच्या आसपास जहाजांतली नव्वदेक अशीच गेली होती. लंडनचे व्यापारी या वेळी गप्प बसले नाहीत. ते अर्ज घेऊन संसदेत गेले. आपली जहाजं सोबतीची वाट बघत बंदरात कशी कुजतात, सोबत मिळाली तरी कशी तोकडी असते, हे त्यांनी उमरावांच्या सभागृहासमोर साक्षीत सांगितलं. आरमाराचा प्रमुख तेव्हा कोण होता? खुद्द राणी ॲनचा नवरा. तरीही चौकशी झाली, आणि १७०८ साली कायदा झाला : व्यापाराच्या रक्षणासाठी ४३ युद्धनौका वेगळ्या काढून नेमून द्यायच्या. तिसऱ्या दर्जाच्या किती, चौथ्या दर्जाच्या किती (दर्जा तोफांच्या संख्येवरून ठरायचा), हेसुद्धा कायद्यात लिहिलं. फारच गरज पडली तर त्या लढाईच्या रांगेत नेण्याची मुभा ठेवली होती, पण मूळ नेमणूक व्यापारासाठी.

पुढे १७९८ मध्ये त्यांनी उलट्या बाजूनेही बांधून घेतलं. सोबतीशिवाय निघालेल्या जहाजाला हजार पौंडांपर्यंत दंड, विमा रद्द, आणि सोबतीच्या खर्चापोटी कर. म्हणजे सरकार पहारा देणार आणि व्यापारी त्याचे पैसे देऊन शिस्तीत चालणार. मला हा सौदा रोखठोक वाटतो. (याच इंग्रजांची जहाजं आपल्या कान्होजी आंग्र्यांनी दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, जाऊ दिली नाहीत, तेव्हा इंग्रजांनी आंग्र्यांना चाचे म्हटलं, ही गोष्ट निराळी.)

आता आपल्याकडे बघू. संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला आणि त्याचा उपयोग झालाही. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' हे पळवलेलं जहाज आयएनएस कोलकाताने चाळीस तास पाठलाग करून सोडवलं, १७ खलाशी वाचवले आणि ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. छाती भरून यावी असंच काम. परंतु त्या कायद्यात चाचेगिरी म्हणजे खासगी हेतूने केलेला हल्ला. हौथींसारख्या युद्धात उतरलेल्या गटाने राजकीय कारणासाठी सोडलेलं क्षेपणास्त्र त्यात बसत नाही, निदान मला वाचून तसं दिसतं. आणि माझी रात्रपाळी चाच्यांनी बंद पाडली नव्हती.

दुसरी गाठ याहून अवघड आहे. १७०८ मध्ये माल इंग्रजांचा, जहाज इंग्रजांचं, झेंडाही त्यांचाच. आज सोलापूरचा टॉवेल परदेशी कंपनीच्या कंटेनरात, तो पनामा किंवा लायबेरियाचा झेंडा लावलेल्या जहाजावर, आणि डेकवर रत्नागिरीचा किंवा केरळचा पोरगा. २३ डिसेंबर २०२३ ला पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर 'केम प्लूटो'वर ड्रोन आदळला. जहाज लायबेरियाचं, खलाशी बहुतेक भारतीय, येत होतं मंगळूरला. पुढच्या महिन्यात पेटलेल्या 'मार्लिन लुआंडा'ची आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमची माणसं गेली. नौदलाने झेंडा बघितला नाही, हे त्यांचं मोठेपण. पण उद्या एकाच दिवशी पाच जहाजांनी हाका मारल्या तर आधी कोणाकडे जायचं, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय?

आपल्या मालकीची जहाजं असावीत, असं एका सोलापूरकराला शंभर वर्षांपूर्वी वाटलं होतं. वालचंद हिराचंद याच गावात जन्मले. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन. आपल्याकडे 'वालचंद' म्हटलं की कॉलेजच आठवतं. आजही आपला बहुतांश परदेशी व्यापार दुसऱ्यांच्याच बोटींवर चालतो.

लोकसभेने युद्धनौकांचा आकडा ठरवावा, असं मी म्हणत नाही. समुद्रावरचा डाव दिल्लीत बसून मांडता येत नाही, आणि ४३ ची सक्ती तिथल्या आरमारालाही जाचली असणार. माझी मागणी एवढीच, की युद्धकाळात भारतीय माल आणि भारतीय खलाशी नेणाऱ्या जहाजांना सोबत कोणत्या नियमाने मिळेल, ते संसदेने चर्चा करून लिहून द्यावं. वर्षातून एकदा त्याचा हिशेब सभागृहासमोर यावा : किती जहाजांना सोबत दिली, किती जणांची हाक अपुरी राहिली, खर्च किती आला. युद्धनौका कुठे उभी आहे हे कोणी विचारत नाही, त्यामुळे गुप्ततेची सबब इथे लागू पडत नाही. एरवी संरक्षण खात्याच्या मागण्या अनेकदा चर्चेविनाच गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपली म्हणून एकगठ्ठा मतदानाने, मंजूर होतात.

सोलापूर आणि माढा इथल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात यावर एक तारांकित प्रश्न तरी टाकावा. समुद्र आपल्यापासून लांब आहे म्हणून हा विषय कोकणातल्या खासदारांवर सोडू नये. डाळिंबवाल्यांनी आणि चादरवाल्यांनीही त्यांच्या मागे लागावं. मी स्वतः दोघांनाही पत्र टाकलं आहे. पोच अजून आलेली नाही.

बाकी, निर्यातदाराकडचं ते जानेवारीचं बिल मला जूनमध्ये मिळालं. व्याज अर्थातच नाही.

आपला,
एक यंत्रमागधारक, सोलापूर