वार एक की दोन, एवढे तरी लिहा

महोदय,

आपल्या पुरवणीतला जुळ्यांपैकी एक गर्भ कमी करण्यावरचा लेख वाचला. ‘हृदयात इंजेक्शन देऊन एक गर्भ थांबवतात’ असे त्यात म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. प्रसूती विभागात परिचारिका म्हणून 31 वर्षे काढली, म्हणून उरलेले अर्धे लिहिते.

सगळे वारेवर, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटावर ठरते. दोन्ही बाळांची वार वेगळी असेल तर पोटॅशियम क्लोराईडचे इंजेक्शन चालते. तरी काही टक्के बायकांचे दुसरे बाळही जाते, आणि दिवस वर गेले की धोका वाढतो. वार एकच असेल तर ते इंजेक्शन देताच येत नाही. दोघांच्या रक्तवाहिन्या वारेत जोडलेल्या असतात. औषध पलीकडे जाऊ शकते, शिवाय जिवंत बाळाचे रक्त गेलेल्या बाळाकडे ओढले जाते. अशा जुळ्यांत एक बाळ आपोआप गेले तरी दुसरे दगावण्याची शक्यता सुमारे 15 टक्के, आणि वाचलेल्यांपैकी साधारण चारात एकाच्या मेंदूला इजा. म्हणून तिथे नाळेतला रक्तप्रवाहच रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने किंवा लेझरने बंद करतात. एवढे करून दुसरे बाळ वाचण्याचे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास. आणि हे करणारे हात मोजक्या मोठ्या शहरांतच.

माझ्या मावसबहिणीच्या सुनेचा बाराव्या आठवड्यातला सोनोग्राफीचा रिपोर्ट मी स्वतः पाहिला. ‘जुळी, दोन्हींचे ठोके व्यवस्थित.’ बस्स. वार एक की दोन, याची ओळच नाही. पाचव्या महिन्यात एका बाळात मोठे व्यंग निघाले, आणि मोठ्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, वार एक की दोन? 11 ते 14 आठवड्यांत सोनोग्राफीत दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे त्रिकोणी टोक दिसले तर दोन, सरळ काटकोन दिसला तर एक. पुढे ही खूण पुसट होते आणि दोन वारा चिकटून एकच भासू शकतात. परदेशात अशा वेळी एक मुलगा, एक मुलगी दिसली की वार वेगळी हे जवळपास नक्की होते. आपल्याकडे 1994 च्या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याने ती वाट बंद आहे, आणि ती बंदच राहावी. पण मग बाराव्या आठवड्यातली ती एक ओळ आपल्या बायकांसाठी दुप्पट मोलाची ठरते.

कायद्याचे घड्याळही चालूच असते. 2020 मध्ये गर्भपाताची मुदत 20 आठवड्यांची होती. जुळ्यांपैकी डाऊन सिंड्रोम असलेल्या एका गर्भासाठी महाराष्ट्रातल्या एका बाईला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक कारणांसाठी 24 आठवडे झाले, गंभीर व्यंगात त्यापुढे वैद्यकीय मंडळाची परवानगी. तरी मंडळाच्या दारात उभी राहणारी बाई पहिला रिपोर्टच घेऊन जाणार ना?

आयव्हीएफनंतर ‘दोन झेपणार नाहीत’ म्हणून एक कमी करण्याचा सल्लाही हल्ली ऐकू येतो. तिथे मी म्हणेन, आधी गर्भाशयात दोन भ्रूण सोडलेच कशाला?

आमच्या सुनेच्या बाबतीत वारेबद्दल खात्री होईना, म्हणून कुणी हात लावला नाही. तेहतिसाव्या आठवड्यात दोन्ही झाली. त्यातले एक बाळ दोनच दिवस जगले. दुसरी बालवाडीत जाते.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज