निक्षय मित्र सभासदांसाठी सूचना: रविवारचं शिधावाटप

मुळशीतल्या ज्या टीबीच्या (क्षयरोगाच्या) रुग्णांना आपण निक्षय मित्र म्हणून पोषणासाठी मदत करतो, त्यांचा या महिन्याचा शिधा रविवारी पोचवायचा आहे. सकाळी ८ वाजता पौड एसटी स्थानकाजवळ जमू. तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे, तेल शनिवारपर्यंत आणून द्या. पिशवीवर नाव किंवा 'टीबी' लिहू नका. गावात एवढ्यानंही लोक अंतर ठेवू लागतात.

रुग्णाच्या घरी गेल्यावर पिशवी ठेवून लगेच निघू नका, थोडं बसा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. कोर्स किमान ६ महिन्यांचा असतो. गोळी चुकत असेल तर रागावू नका, आशाताईंना त्याच दिवशी कळवा. पोषणासाठीचे सरकारचे महिना १००० रुपये खात्यात येतात का, हेही विचारा. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.